येवल्याचे माग आणि आपल्या गांवचे कारागीर

शेतकऱ्यानें गांव सोडून जावें तें यात्रेस, बाजारास किंवा कचेरीस, अशी आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. दुसऱ्या गांवचा कारागीर काम कसें करतो हें पाहण्यासाठीं कोणी मुद्दाम गाडीभाडें खर्चीत नाहीं. सातपुराहून निफाड-विंचूर मार्गानें सकाळीं निघाल्यास येवलें पाहून संध्याकाळीं घरीं परततां येतें. त्या एका दिवसांत काय पाहावें, आणि तें पाहून आपल्या गांवाविषयीं कोणता प्रश्न विचारावा, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

निफाडपर्यंत द्राक्षमळे व ऊस दिसतो. विंचुराच्या पुढें पाऊस कमी होत जातो. अशा अवर्षणाच्या मुलखांत रेशमाचा धंदा रुजला कसा? गांव वसविणाऱ्या रघोजी नाइकांनीं गुजराथेंतील रेशमाचा व्यापारी सवलती देऊन आणला, व त्याच्या मागोमाग विणकर आले, असें सांगतात. रेशीम मुख्यतः कर्नाटकांतून आणि जर सुरतेहून येते. माल बाहेरचा, गिऱ्हाईकही बाहेरचें. गांवचे स्वतःचे काय, तर हात.

पैठणीचें अंग धोट्यानें विणलें जातें. पदर आला कीं वेग एकदम मंदावतो. तेथें प्रत्येक रंगाची निराळी लहान कांडी घेऊन मोर, कमळ, मुनिया इत्यादि नक्षी आडव्या धाग्यानेंच भरतात, आणि दोन रंग मिळतात तेथें त्यांचे धागे एकमेकांत अडकवितात. त्यामुळें नक्षी उलट-सुलट दोन्ही अंगांनीं सारखी दिसते. यंत्रमागावरील नकलेच्या पाठीमागें सुटे धागे लोंबत असतात. लग्नाचा बस्ता बांधणाऱ्यांनीं पदर उलटून पाहिल्यावांचून पैसे मोजूं नयेत. साध्या पैठणीस महिनाभर, तर भरगच्च पदराच्या पैठणीस वर्षही लागतें. २०१० सालीं पैठणीची भौगोलिक निर्देशन म्हणून नोंद झाली. तथापि नोंद म्हणजे कागद. उताऱ्यावर नांव एकाचें व ताबा दुसऱ्याचा, अशीं प्रकरणें आम्हीं नोकरींत थोडीं पाहिलीं नाहींत.

आतां प्रश्न असा कीं, येवल्यांत माग टिकला, मग आमच्या खेड्यांत सुताराचा वाकस व लोहाराचा भाता कां थंड पडला? सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांस राशींतून बलुतें मिळे. कित्येकांस इनाम जमीनही असे. १९५३ सालीं मुंबई राज्यानें समाजोपयोगी सेवा इनामें कायद्यानें रद्द केलीं. जातीनें बांधलेलें काम सुटलें, हें न्याय्यच झालें. वाटा किती द्यावयाचा हें खळ्यावर धनी ठरवी, आणि पसाभर दाण्यासाठीं कारागिरास ताटकळावें लागे. परंतु बापाकडून मुलाकडे विद्या जाण्याची वाटही हळूहळू बुजली, आणि तिच्या जागीं गांवानें दुसरी वाट घातली नाहीं. लोखंडी नांगरानें व पुढें ट्रॅक्टरनें उरलेंसुरलें काम नेलें. येवल्याचा विणकर मात्र गांवच्या बलुत्यावर नव्हे, दूरच्या गिऱ्हाइकावर जगत होता.

त्याच १९५३ सालीं पश्चिम जर्मनींत हस्तव्यवसायांचा कायदा झाला. पुष्कळ धंद्यांत उस्तादाची परीक्षा उतरल्यावांचून स्वतंत्र दुकान काढतां येऊं नये, असें त्यानें ठरविलें. २००४ सालीं बऱ्याच धंद्यांस त्यांतून सूट मिळाली. सॅक्सनींत सायफेन नांवाचें एक डोंगरी खेडें आहे. कथलाच्या खाणी ओसरल्यावर तेथील लोकांनीं लांकडी खेळणीं करावयास घेतलीं. ओल्या लांकडाचें कडें चरकावर अशा हिशेबानें कातावयाचें कीं, तें उभें चिरलें असतां प्रत्येक फांकेंत एक घोडा किंवा गाय निघावी! खाण गेली तरी खेडें उठलें नाहीं.

आमच्या सातपुरांत १९६० नंतरच्या दशकांत औद्योगिक वसाहत झाली, आणि १९८२ सालीं गांव नाशिक महानगरपालिकेंत गेलें. संपादनाचा मोबदला पुष्कळ घरीं आला व पुष्कळ घरांतून गेला. ज्या घरचा मुलगा जोडारी किंवा कातारी शिकला, तें घर आमच्या पाहण्यांत सांवरलें. पण हे मुलगे कारखान्यांत गेले. ऐन पेरणींत पेरणीयंत्र मोडलें कीं, आजूबाजूच्या खेड्यांतील शेतकरी आजही शहरच्या दुकानाच्या पायरीवर बसतो. बलुतें गेलें, गरज गेली नाहीं. पन्नास खातेदारांनीं मिळून, जात न पाहतां, एका शिकलेल्या मुलास वर्षाची रोख रक्कम लेखी ठरवून द्यावी व ती हप्त्यानें वेळेवर द्यावी. अवजारांची दुरुस्ती त्यानें करावी. सोसायटीनें ह्या कामीं पुढाकार घेण्यास हरकत दिसत नाहीं.

येवल्यास जाणाऱ्यांनीं सकाळच्या उजेडांत मागापाशीं पोहोंचावें. वेळ उरल्यास जवळचीं नागडे, बल्हेगांव हींही पाहावीं. साडीची किंमत विचारण्यापूर्वीं विणणाऱ्याची मजुरी विचारावी, कारण माग एकाचा आणि रेशीम दुसऱ्याचें, असें अनेकदां असतें. दहावी झालेला मुलगा बरोबर न्यावा आणि विणकराची परवानगी घेऊन त्यास तासभर त्याच्या शेजारीं बसवावें.