चिक्कीचा भाव काढलात, पण तक्ता पूर्ण वाचलात का?

समजा, लोणावळ्यात तुमचं चिक्कीचं दुकान आहे. चिक्की आणि फज, दोन्हींचा भाव किती ठेवला तर नफा जास्त? वहीतल्या विक्रीवरून तुम्ही आर मध्ये नफ्याचं सूत्र मांडलंत आणि ऑप्टिमला दिलंत. (ते मुळात कमीत कमी शोधतं, म्हणून नफ्याला उणे चिन्ह लावायचं.) उत्तर येतं, पण गुंतागुंतीच्या यादीत.

ती यादी ब्रूम पॅकेजच्या टायडीला द्या. प्रत्येक भावाची एक ओळ, सुटसुटीत तक्ता! फक्त सुरुवातीच्या अंदाजांना ‘चिक्की’, ‘फज’ अशी नावं द्या. नाहीतर पॅरामीटर1, पॅरामीटर2 असं येतं.

खरी मेख पुढे आहे. गणित पूर्ण झालं का, हे या तक्त्यात दिसतच नाही. त्यासाठी तीच यादी ग्लान्सला द्या आणि कन्व्हर्जन्सचा रकाना बघा. तिथे 0 म्हणजे जमलं! 1 म्हणजे ठरलेल्या फेऱ्या संपल्या, उत्तर अर्धवट. नेहमीच्या नेल्डर-मीड पद्धतीत ही मर्यादा 500 असते. असा भाव पाटीवर लिहू नका. मिळालेल्या आकड्यांपासून पुन्हा चालवा. आणि हो, पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारचा तक्ता वेगळा काढा, तेव्हाचं गिऱ्हाईक वेगळं असतं.