तोंडाचं पाणी आणि खोडदच्या तबकड्या

एम-थ्रीचा पेपर देऊन बाहेर पडलो तेव्हा फोरियर ट्रान्सफॉर्मचं तोंड पुन्हा बघायचं नाही, असं ठरवलं होतं. तो पुन्हा भेटला घोडेगावला, मामांच्या ओट्यावर, त्यांच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये.

मामांना उजव्या गालाचा कॅन्सर झाला होता. तंबाखूचा बार त्याच गालात धरायची तीस वर्षांची सवय. मुंबईला ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे रेडिएशन, रोज २ ग्रे, एकूण ६०. आजार गेला, पण बाजरीची भाकरीही गेली. "घास तोंडात नुसता फिरतोय रं, खाली उतरत नाय," मामा म्हणाले. पूर्वी चिंचेचं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटायचं. आता दर घासाला पाण्याचा घोट लागतो. मेसच्या पोळीला नावं ठेवणाऱ्यांनी (त्यात मीही आलो) एकदा कोरड्या तोंडानं पोळी खाऊन बघावी.

लाळेच्या मोठ्या ग्रंथी तीन जोड्या. कानापुढची पॅरोटिड, जबड्याखालची आणि जिभेखालची. एरवी तोंड ओलं ठेवण्याचं जास्त काम जबड्याखालची करते. जेवताना खरा पाट सोडते ती पॅरोटिड. गालाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये मानेतल्या गाठी काढताना त्या बाजूची जबड्याखालची ग्रंथी बहुधा काढावीच लागते. म्हणजे उजवीकडे मामांची भिस्त राहिली पॅरोटिडवर, आणि ती नेमकी किरणांच्या वाटेत. लाळ बनवणाऱ्या पेशी किरणांना फार नाजूक असतात. त्रास पहिल्या एक-दोन आठवड्यांतच सुरू होतो.

रिपोर्टमध्ये होतं: उजवी पॅरोटिड आकसलेली, टी-टू सिग्नल वाढलेला, डावी जवळपास नेहमीसारखी. मामांनी विचारलं, "म्हंजे काय?" माझी बत्ती गुल. हॉस्टेलवर येऊन पुस्तकं काढली.

एमआरआय ऐकतो तो पाण्यातल्या हायड्रोजनचा आवाज. १.५ टेस्लाच्या चुंबकात प्रोटॉन साधारण ६४ मेगाहर्ट्झला डोलतात, ३ टेस्लात १२८ला. आता २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन बघायला आपण नारायणगावजवळ खोडदला जातो, तिथलं जीएमआरटी आठवा. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. तिथला एखादा तंत्रज्ञ तबकडीतून फोटो निघतो असं म्हणणार नाही. तबकड्यांची प्रत्येक जोडी आकाशाच्या चित्राचा एकेक फोरियर घटक मोजते, पृथ्वी फिरते तसे आणखी घटक मिळतात, आणि उलटा ट्रान्सफॉर्म घेतला की चित्र तयार. एमआरआयमध्ये तबकड्यांऐवजी ग्रेडियंट कॉइल असतात. त्या घटक ओळीओळीनं गोळा करतात, शेवटी तोच एफएफटी. एक आकाशगंगेचं चित्र काढतो, दुसरा मामांच्या गालाचं. (खोडदला हायड्रोजनचा १४२० मेगाहर्ट्झचा सिग्नलही ऐकतात, पण तो सुट्या अणूचा, बाहेरच्या चुंबकाशिवायचा. व्हायव्हाला दोन्हींची खिचडी करू नका.)

नुसत्या आकारावरून ग्रंथी काम करते का, हे मात्र पुरतं कळत नाही. बंद पडलेली गिरणी बाहेरून गिरणीसारखीच दिसते. त्यासाठी पाण्याची हालचाल मोजतात, तिला डिफ्यूजन म्हणतात. सूत्र सोपं आहे: सिग्नल e चा −bD घात या हिशेबानं घटतो. b आपण ठरवायचा, D मोजायचा. शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्याचा D सुमारे ३ (एकक १०⁻³ चौरस मिमी प्रति सेकंद), निरोगी पॅरोटिडचा साधारण १, कारण पाणी पेशींच्या भिंतींना अडतं. किरणांनी पेशी मेल्या की पाण्याला मोकळं रान मिळतं आणि D वाढतो.

सगळ्यात भारी प्रयोग आंबटाचा. मशीनमध्ये झोपलेल्या माणसाला व्हिटॅमिन सीची आंबट गोळी देतात. निरोगी ग्रंथीत D आधी खाली येतो, मग वर चढतो. मार बसलेल्या ग्रंथीत हा चढउतार मंदावतो. तोंडाला पाणी सुटण्याचा ग्राफच की! शिवाय लाळेच्या नळ्यांचं चित्र रंगद्रव्य न टोचता काढता येतं, लाळेचंच पाणी उजळून दिसतं. आणि यात जादा किरण नाहीत, म्हणून तपासणी पुन्हापुन्हा करता येते.

हे सगळं अजून मुख्यतः संशोधनात चालतं. रोजच्या ओपीडीत डॉक्टर पेशंटलाच विचारतात. आणि मेलेल्या पेशी एमआरआय परत आणत नाही, तेव्हा ग्रंथी आधीच वाचवणं महत्त्वाचं. पॅरोटिडला सरासरी २५-२६ ग्रेच्या आत ठेवलं तर लाळ बरीचशी परत येते. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं ६० पेशंटवर तुलना केली, २०१२ साली ती छापून आली. उपचारादरम्यान लाळग्रंथींचा मध्यम किंवा जास्त त्रास जुन्या त्रिमितीय पद्धतीत ८९ टक्के जणांना झाला, तर किरणांची तीव्रता जागोजागी बदलणाऱ्या आयएमआरटीत ५९ टक्क्यांना. ५९ हा आकडा काही लहान नाही, पण फरक मोठा आहे. म्हणून कुणाच्या घरी ही वेळ आली तर उपचाराआधीच डॉक्टरांना विचारा, लाळग्रंथी वाचवता येईल का? आणि दात आधी तपासून घ्या. लाळ गेली की दात झपाट्यानं किडतात.

पुढच्या रविवारी मंचरला उतरून पुन्हा घोडेगाव गाठलं. मामांना कागदावर दोन ग्रंथी काढून दाखवल्या, उजवी बारीक, डावी भरलेली. ते बराच वेळ बघत राहिले.

"मंग डाव्या बाजूनं चावू का?"

मला हसू आलं. पण परत येऊन वाचलं तर खरंच, ज्या बाजूनं चावतो त्या बाजूची पॅरोटिड जास्त लाळ सोडते. रात्री फोन करून सांगितलं, "मामा, डावीकडूनच चावा."