देणगी नव्हे, वर्गणी

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. महाविद्यालयाच्या कलामंडळाला ती जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कुणाला पडत असेल. राजाचे सोंग येते, भिकाऱ्याचेही येते. परंतु नेपथ्याचे लाकूड, दिव्यांचे भाडे आणि स्पर्धेच्या गावी जाण्याचा खर्च यांची सोंगे आणता येत नाहीत. मग एखादा मोठा दाता शोधला जातो. त्याचे नाव फलकावर झळकते, आणि पुष्कळदा कोणते नाटक करावे व कोणते करू नये हेही तोच सुचवू लागतो. पैशाचा प्रश्न सुटतो, पण निवडीचा हक्क हातून जातो.

याला पर्याय म्हणून हल्ली 'क्राउडफंडिंग' हा शब्द कानावर येतो. पुष्कळ माणसांकडून, बहुधा इंटरनेटच्या मार्गाने, थोडी थोडी रक्कम जमवून एखादे काम उभे करणे हा त्याचा अर्थ. शब्द नवा असला तरी रीत जुनी आहे. या रीतीपासून विद्यार्थ्यांनी काय शिकावे, याचा विचार वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थ्याच्या नजरेतून येथे करावयाचा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. भोपाळच्या अयोध्या नगरात, जेथे मी राहतो, पावतीपुस्तक घेऊन दारात उभे राहिले की लोक 'चंदा' म्हणतात. मराठीत आपल्याजवळ दोन शब्द आहेत : देणगी आणि वर्गणी. कन्नडमध्येही तशीच जोडी आहे : 'देणिगे' आणि 'वंतिगे'. देणगी देणारा बाहेरचा असतो. दिले आणि मोकळा झाला. वर्गणी म्हणजे सामाईक कामातील आपला हिस्सा. ती देणारा कार्याच्या आत येतो, म्हणूनच 'आमच्या गणपतीचे यंदा काय ठरले?' असे हक्काने विचारतो. यशस्वी झालेल्या मोहिमा पाहिल्या तर त्यांनी देणगी मागितली नसून वर्गणी मागितली, असे दिसून येते.

विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी चालविलेल्या आणि लोकमान्य टिळकांनी उचलून धरलेल्या पैसा फंडाचे उदाहरण मराठी वाचकाला नवे नाही. एकेक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योगाला बळ द्यावे ही त्यामागील कल्पना. त्यातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना सुरू झाला. पैसा कशासाठी, याचे उत्तर लोकांना डोळ्यांनी पाहता आले.

त्याआधी अमेरिकेत, १८८५ साली, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा पैशाअभावी अडला होता. जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रातून आवाहन केले आणि पाच-सहा महिन्यांत एक लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली. देणारे सव्वा लाखाच्या आसपास होते व बहुतेकांनी एका डॉलरहूनही कमी दिले होते. रक्कम कितीही लहान असो, देणाऱ्याचे नाव छापण्याचे वचन पुलित्झर यांनी दिले होते. लहान रकमेला मोठ्या रकमेइतकाच मान, हे या मोहिमेचे मर्म होय.

कलेच्या क्षेत्रातील आपल्या देशाचे ठळक उदाहरण म्हणजे श्याम बेनेगल यांचा १९७६ सालचा 'मंथन'. गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाख रुपये उभे राहिले. या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकरांची, प्रमुख भूमिका गिरीश कार्नाड व स्मिता पाटील यांच्या. म्हणजे आपल्या अंकाच्या मराठी व कन्नड या दोन्ही विभागांना तो आपला वाटावा असा आहे. चित्रपट लागल्यावर हेच शेतकरी वाहने भरभरून तो पाहावयास गेले. निर्माता आणि प्रेक्षक एकच झाला! येथे हिशोबाचा एक मुद्दा ध्यानात घ्यावा. पाच लाख दारांवर जाऊन दोन-दोन रुपये आणावयाचे म्हटले तर आणण्याचाच खर्च दोन रुपयांहून अधिक होईल. परंतु गावोगावच्या दूध संस्था अगोदरच उभ्या होत्या. संघटना आधी आणि निधी नंतर, असा हा क्रम आहे.

कन्नडमध्ये पवन कुमार यांनी 'लुसिया' (२०१३) या चित्रपटासाठी इंटरनेटवरून आवाहन केले. सुमारे ११० जणांनी २७ दिवसांत पन्नास लाखांहून थोडी अधिक रक्कम दिली. मात्र ही मंडळी गुंतवणूकदार होती. हा भेद महत्त्वाचा आहे. नफ्यात वाटा देऊ असे सांगून सर्वसामान्यांकडून पैसा घेणे हा रोखे कायद्याचा प्रांत आहे. सेबीनेही २०१४ साली या विषयावर विचारार्थ टिपण प्रसिद्ध केले होते. विद्यार्थ्यांनी त्या वाटेस न जाणेच बरे. आपण प्रवेशिका द्यावी, तालमीला बोलवावे, स्मरणिकेत नाव छापावे. नफ्याचे वचन देऊ नये.

आता एक काल्पनिक अंदाजपत्रक मांडू. एका एकांकिकेसाठी नेपथ्य १५,०००, प्रकाश व ध्वनी १८,०००, वेशभूषा ९,०००, प्रवास १२,००० आणि छपाई व किरकोळ ६,०००. एकूण ६०,००० रुपये. प्रत्येकी १०० रुपये देणारे ३००, ५०० देणारे ४० आणि २,००० देणारे ५ मिळाले की बेरीज पूर्ण होते. एका दात्याऐवजी ३४५ वर्गणीदार झाले, आणि त्यांतील निम्मे जरी आले तरी सभागृह रिकामे राहणार नाही. रक्कम इंटरनेटवरील एखाद्या संस्थेमार्फत घेतली आणि तिने शेकडा ५ दलाली कापली, तर ६०,००० हाती येण्यासाठी सुमारे ६३,१५८ जमवावे लागतील. हा आकडा अगोदरच धरावा.

मोहिमेला मुदत हवी. २००९ साली सुरू झालेल्या 'किकस्टार्टर' या अमेरिकन संस्थेचा नियम असा, की ठरलेल्या मुदतीत पूर्ण रक्कम जमली नाही तर कोणाचाच पैसा घेतला जात नाही. अपुऱ्या पैशात अर्धवट काम होण्याची भीती त्यामुळे टळते. आपणही 'अमुक तारखेपर्यंत रक्कम न जमल्यास पैसे परत' असे लिहून द्यावे.

कायद्याची दोन कुंपणे पाळावीत. आयकर सवलतीची पावती त्यासाठी मान्यता असलेल्या संस्थेलाच देता येते. तिचे आश्वासन कलामंडळाने परस्पर देऊ नये. तसेच परदेशाचे नागरिकत्व घेतलेल्या माजी विद्यार्थ्याचा पैसा स्वीकारण्यासाठी संस्थेला परदेशी देणगी कायद्यानुसार नोंदणी अथवा पूर्वपरवानगी लागते. पैसा कोणाच्या खासगी खात्यावर न घेता महाविद्यालयाच्या खात्यावर, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली घ्यावा.

शेवटची आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हिशोब. प्रयोग संपल्यावर आठवड्याच्या आत जमाखर्च फलकावर लावावा व प्रत्येक वर्गणीदाराला कळवावा. उरलेल्या बारा रुपयांचाही त्यात उल्लेख असावा. आपण तीन वर्षांत पदवी घेऊन निघून जातो, कलामंडळ मात्र येथेच राहते. आपण हिशोब दिला नाही, तर पुढच्या वर्षी पावतीपुस्तक घेऊन निघालेल्या मुलामुलींसाठी दारे उघडणार नाहीत. आणि मग त्यांना पुन्हा त्याच एका दात्याकडे जाऊन, कोणते नाटक करू, असे विचारावे लागेल.