खाटकाच्या दुकानातले वेफर्स

स्थिर खर्चाची व्याख्या पाठ करून परीक्षेत लिहिता येते. पण तो खर्च उरावर कसा बसतो हे मला इंग्लंडातील लेस्टर शहरच्या एका मांसविक्रेत्याची हकीकत वाचून कळले. तीच येथे थोडक्यात सांगतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपण ज्यांना बटाट्याचे वेफर्स म्हणतो त्यांना इंग्रज क्रिस्प्स म्हणतात. त्यांच्याकडे चिप्स मागितले, तर माशाबरोबर खातात ते जाड, लांब तुकडे पुढ्यात येतील!

हेन्री वॉकर हा मूळचा मॅन्सफील्डचा खाटीक. १८८० नंतरच्या दशकात तो लेस्टरला आला आणि त्याचा धंदा चांगला वाढला. पण दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, मांस रेशनवर गेले. युद्ध संपले तरी रेशन संपेना. ते थेट जुलै १९५४ मध्ये उठले. वॉकरांच्या दुकानातला माल सकाळी दहापर्यंतच संपून जाई, असे सांगतात. पुढे दिवसभर काय करायचे? जागेचा खर्च चालू, कामगारांचे पगार चालू, आणि हात मात्र रिकामे. मागणी नाही म्हणून बसलेले धंदे आपण पुष्कळ पाहतो. मागणी असून बसण्याची पाळी येणे ही वेगळीच आपत्ती.

कामगार कमी करणे हा वहीतला सर्वांत सोपा उपाय. त्याऐवजी १९४८ साली व्यवस्थापकीय संचालक आर. ई. जेरार्ड यांनी कामगारांसाठी काम शोधले. ही नुसती दया नव्हे असे मला वाटते. उद्या मांस सुटले म्हणजे कसबी माणसे कोठून आणायची? त्यांच्यापुढे दोन पर्याय होते, आइस्क्रीम आणि क्रिस्प्स. जेथे कच्चे मांस हाताळले जाते तेथेच आइस्क्रीम करणे आरोग्याला धोक्याचे, म्हणून ते मागे पडले. बटाटा मांसाच्या मानाने सहज मिळणारा. हाताने चकत्या कापायच्या, मासे तळण्याच्या कढईत तळायच्या, वर मीठ भुरभुरायचे आणि तीन पेन्सला पुडी विकायची, अशी सुरुवात झाली. बटाट्यात पाणीच फार, त्यामुळे एक किलो क्रिस्प्सना साधारण चार किलो बटाटे लागतात. ही घट धरूनच भाव ठरवावा लागतो.

मैदान मोकळे होते असे मात्र नाही. लंडनच्या क्रिकलवुड भागात फ्रँक स्मिथने १९२० सालीच हा धंदा मांडला होता. त्याच्या पुडीत निळ्या कागदात बांधलेले चिमूटभर मीठ असे. ते गिऱ्हाइकाने आपल्या हाताने घालायचे. शेवटचे काम गिऱ्हाइकाकडून करून घेण्याची ही युक्ती मला फार आवडली. त्याचा माल मुख्यतः दारूच्या गुत्त्यांतून खपे. १९४७ साली एडिंबरोच्या विल्यम अलेक्झांडर नावाच्या बेकरीवाल्याने बटाट्याच्या एका जातीवरून 'गोल्डन वंडर' हे नाव घेऊन उडी घेतली. पुढे या कंपनीने घरी मुलाबाळांनी खाण्याचा पदार्थ म्हणून क्रिस्प्स दुकानांतून विकले आणि १९६० नंतर स्मिथला मागे टाकले. चीज-कांद्याची चव डब्लिनच्या 'टेटो' कंपनीने १९५४ च्या सुमारास आणली होती. तीही इंग्लंडात पसरली. मसाला आधीच लावलेला असला की निळ्या पुडीचे काम काय?

१९८९ मध्ये अमेरिकेच्या पेप्सिको कंपनीने वॉकर्स आणि स्मिथ ही दोन्ही घराणी एकदमच विकत घेतली. पुढे निळी मीठपुडीसुद्धा वॉकर्सच्या नावाखाली विकली गेली. आपल्याकडे १९९५ साली आलेले 'लेज' याच मालकाचे. पाकिटावरचे चिन्ह ताडून पाहावे.

आता वाणिज्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक खटला. ब्रिटनमध्ये बहुतेक खाद्यपदार्थांवर व्हॅटचा दर शून्य. पण बटाट्याच्या क्रिस्प्सवर २० टक्के. वॉकर्सने पापड काढले आणि त्यांना क्रिस्प्स समजू नये असा दावा केला. २०२४ मध्ये कर-न्यायाधिकरणाने निकाल दिला की त्यांत बटाट्याचा अंश पुरेसा आहे, नाव काहीही असो, कर भरावा. हे मी आईला सांगितले. उडदाच्या पापडांचे पीठ कुटता कुटता ती म्हणाली, "बटाट्याचा असला तर उपासाला चालेल की रे!"