केसपेपरावर आपले काम लिहवून घ्या

खामगावच्या बाजारपेठेत झाडू मारण्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली. आणि कापसाच्या मोसमात गाड्यांवरून उडालेले बारीक तंतू रस्त्यावरच्या मातीत व वाळलेल्या शेणात मिसळून झाडूच्या प्रत्येक फटकाऱ्यासरशी जे लोट उठत, ते फुप्फुसात किती खोल उतरतात याची जाणीव मला पुढे खोकल्याने करून दिली. हा खोकला घेऊन दवाखान्यात गेलो की विडी-तंबाखूची चौकशी होई. परंतु पोटाकरिता मी काय करतो हे कोणी विचारीत नसे, आणि केसपेपरावर नाव, वय व गाव यांपलीकडे माझी कोणतीच हकीकत नोंदली जात नसे. त्यामुळे औषध पुष्कळ मिळाले, निदान मात्र लांबत गेले. अखेर एका तरुण डॉक्टरांनी कामाची विचारपूस केली, थुंकी व छातीचा फोटो तपासून क्षयाची शंका दूर केली, नळीत फुंकायला लावून श्वासाची ताकद मोजली, आणि हा दमा धुळीनेच बळावला असल्याचे सांगितले.

म्हणून माझ्या बंधुभगिनींना विनंती अशी की, दवाखान्यात गेल्याबरोबर आपण सफाईचे काम करतो हे निःसंकोचपणे सांगून लिहवून घ्यावे. कारण पावसाळ्यात नाली उपसल्यावर काही दिवसांनी ताप भरून पोटऱ्या ठणकू लागल्या व डोळे लाल झाले, तर उंदराच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची शंका डॉक्टरांना त्या नोंदीवरूनच चटकन येते. कचऱ्यातली सुई टोचली तर त्याच दिवशी दाखवावे. हातमोजे, मुखपट्टी, बूट आणि रेनकोट पुरविण्याचे बंधन घनकचरा नियमांनी घातलेले आहे. ते मुकादमाकडे तोंडी न मागता लेखी अर्जाने मागावेत व पोच घ्यावी.

शौचालयाच्या टाकीत मात्र कोणाच्याही हुकमाने उतरू नये. तेथील सडक्या अंड्यासारख्या दर्पाचा वायू प्रमाणाबाहेर वाढला की प्रथम नाकाची संवेदनाच नाहीशी करतो, मग वास गेला म्हणजे धोका टळला असे समजून उतरलेला माणूस कोसळतो, आणि त्याला काढण्यास धावलेलाही प्राणास मुकतो. संरक्षक साधनांवाचून असे काम करवून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि गटारातील मृत्यूबद्दल वारसांना तीस लाख रुपये द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी दिला. परंतु कंत्राटी कामगाराचे नाव हजेरीपटावर पुष्कळदा नसतेच. तेव्हा मजुरीच्या पावत्या व अर्जांच्या पोचा जपाव्यात, आणि त्या कोठे ठेवल्या आहेत हे घरच्यांना दाखवून ठेवावे.