‘बाई’ या शब्दाचा मान

परस्त्रीला हाक कशी मारावी, याचा विचार आपल्या शास्त्रकारांनीही केलेला आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे की, जिच्याशी रक्ताचे नाते नाही अशा परक्याच्या पत्नीला ‘भवति’, ‘सुभगे’ किंवा ‘भगिनि’ म्हणावे. यातला ‘भवती’ शब्द मोठा मौजेचा. अर्थ ‘आपण’, पण क्रियापद घेतो तृतीय पुरुषाचे. म्हणजे समोर उभ्या माणसाशीही अदबीचे अंतर राखून बोलणे. ‘भगिनी’ची प्राकृतात बहिणी झाली, मराठीत बहीण झाली, आणि संत बहिणाबाईंच्या नावात येऊन बसली.

‘बाई’ शब्द मात्र पंडितांच्या घरचा नव्हे. आई, माई, बाई ही चुलीजवळची बोली. गुजरात-राजस्थानातही ती आहे, मीराबाई तिकडच्याच. मराठीत या शब्दाचा मान क्रियापदावरून कळतो. ‘बाई आल्या’ म्हटले की शाळेतली पोरे उठून उभी राहतात. ‘बाई आली’ म्हटले की कोणी मान वर करून पाहत नाही!

आता जनाबाई पाहा. नामदेवरायांच्या घरच्या दासी. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे हा त्यांचा दिवस. त्यांना लोकांनी ‘बाई’ म्हटले ते गौरवाने. अहिल्याबाई होळकरांच्या नावातली बाई आणि ही बाई एकच. आज तेच काम करणारीला आपण ‘आमची बाई’ म्हणतो. शब्द तोच, काम तेच. पण ‘आज बाई आली नाही’ असे म्हणतो.

कोणी म्हणेल, महाराज, आईलाही आपण ‘आली’च म्हणतो, विठाबाईलाही ‘ये’ म्हणतो. खरे आहे. पण तेथे एकेरी आहे ती लाडाची. भांडी घासणारीच्या बाबतीत तो लाड असतो का, हे ज्याचे त्याने पाहावे.

मंगळवेढ्याच्या कान्होपात्रा गणिकेच्या कन्या. त्यांच्या नावाला ‘बाई’ सहसा लागतच नाही. नाव लांब म्हणून असेल. मला मात्र ते खटकते.

कीर्तनकार मंडळींसाठी एवढेच. अभंगाच्या मुद्रेत ‘जनी’ येते ती जनाबाईंची लीनता. गाताना तसेच गावे, अक्षर बदलू नये. निरूपणाला लागल्यावर मात्र ‘जनी म्हणते’ नको, ‘जनाबाई म्हणतात’ असे म्हणावे. आणि सप्ताहाच्या पंगती उठल्यावर भांड्यांपाशी ज्या बसतात, त्यांची चौकशी करताना ‘बाई जेवल्या का?’ असेच विचारावे.