फरशी आपली, स्लॅब सगळ्यांचा

फ्लॅटची फरशी बदलायला परवानगी कशाला, असं बऱ्हाणपुरात अजूनही बरेच जण विचारतात. आपल्या लोकांना स्वतःच्या जोत्यावरच्या घराची सवय. फ्लॅटमध्ये मात्र आपली जमीन हेच खालच्यांचं छत.

आमच्या वरच्या घरी कुणाला न विचारता न्हाणीघराची फरशी बदलली. फोडताना खालचा वॉटरप्रूफिंगचा थरही उखडला आणि मिस्त्रीनं तसंच नुसत्या मसाल्यावर नव्या टाईल्स बसवल्या. थोड्याच दिवसांत आमच्या छताला ओल आली, दिव्याच्या वायरीपाशी पाणी झिरपू लागलं. मिस्त्री म्हणे पाइप जुना, घरमालक म्हणे बिल्डरचं कामच कच्चं. लेखी काहीच नव्हतं. शेवटी नवी फरशी पुन्हा फोडावी लागली, आणि खर्चावरून दोन घरांचं बोलणं तुटलं ते अजून जुळलेलं नाही. मला पाण्यापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटतं.

म्हणून आमचा हॉल करताना मी आधी रहवासी संघाच्या सचिवांकडे अर्ज दिला. अर्जात ‘फरशी बदलणे’ एवढंच लिहू नका. जुनी काढणार की तिच्यावरच नवी बसवणार, ते लिहा. खरा प्रश्न तिथेच आहे. ५० मिलिमीटर मसाला आणि वर व्हिट्रिफाइड टाईल धरली तर चौरस मीटरला साधारण १२० किलो वजन वाढतं. राहत्या खोलीत माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरावा, असं आयएस ८७५ हे भारतीय मानक सांगतं. त्यातला निम्म्याहून जास्त नुसत्या फरशीनं खाल्ला. ५०० चौरस फुटांत हे साडेपाच टन होतात! जुनी फरशी ठेवायचीच असेल, तर ती कुठे पोकळ वाजत नाही ना हे ठोकून पाहा आणि टाईल ॲडेसिव्हचा पातळ थर वापरा. ग्रॅनाइट किंवा कोटा असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र जोडाच.

न्हाणीघरात टाईल्स लावण्याआधी निदान २४ तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या घरी जाऊन छत बघा. मलबा रस्त्यावर किंवा नालीत टाकायला २०१६ च्या बांधकाम-कचऱ्याच्या नियमांनीच मनाई केली होती. तो कुठे जाणार, हेही अर्जात लिहा.

जळगाव-भुसावळकडे फ्लॅट असणाऱ्यांनी महाराष्ट्राचा १९७० चा अपार्टमेंट कायदा पाहावा. इमारतीच्या मजबुतीला धोका पोचेल असं काम बाकी सगळ्या मालकांच्या संमतीशिवाय त्यात करता येत नाही. आपल्याकडे मध्य प्रदेशाचा २००० चा प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम आहे. संघाचे उपविधी मागून घ्या. अध्यक्षांच्या तोंडी होकारावर काम सुरू करू नका, समिती बदलली की तो उरत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, आणि मिस्त्रीला विसार द्याल तो मंजुरी हातात आल्यावरच.